गहाण घर आणि मुलांचा हप्ता

पित्याने केलेले कर्ज पुत्राने फेडावे हा दंडक आपल्या स्मृतिकारांनी इतक्या बारकाईने घालून दिला होता की, कोणत्या पिढीवर किती भार पडावा याचेही कोष्टक त्यांनी आखून ठेवले होते : पुत्राने मुद्दल व्याजासह द्यावे, पौत्राने केवळ मुद्दल द्यावे, आणि प्रपौत्राच्या हाती पूर्वजांची मालमत्ता आली नसेल तर त्याला या पाशातून मुक्त समजावे. नियमाला अपवादही होते. मद्य, द्यूत व कामवासना यांपायी झालेले कर्ज, राजदंडाची अथवा शुल्काची राहिलेली बाकी आणि निष्फळ दान यांचा बोजा याज्ञवल्क्याने पुत्राच्या शिरावर ठेवला नाही. मुंबई इलाख्यात मात्र हा धर्म इतक्या कठोरपणे लागू झाला की, बापाकडून कवडीही न मिळालेल्या मुलावर वैयक्तिक जबाबदारी येऊ लागली, आणि १८६६ साली इलाख्याला स्वतंत्र कायदा करून ती जबाबदारी वारशाने हाती आलेल्या मालमत्तेपुरती मर्यादित करावी लागली. पुढे २००५ साली हिंदू वारसा कायद्यात जी दुरुस्ती झाली आणि जिच्यामुळे मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क देशभर मिळाला (महाराष्ट्राने तो १९९४ सालीच दिला होता), त्याच दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून पुढच्या कर्जांपुरते हे पुत्रधर्माचे बंधनही तोडून टाकले. तिच्यातली पहिली तरतूद सर्वतोमुखी झाली. दुसरी फारशी कोणी वाचली नाही.

परिणामी आज निवृत्त वडिलांचे राहते घर बँकेकडे गहाण असेल आणि हप्ते थकले असतील, तर ज्या मुलाने किंवा मुलीने कोठेही सही केलेली नाही त्याच्याकडे वा तिच्याकडे बँकेला केवळ नात्याच्या आधाराने बोट दाखविता येत नाही. तरीही मुले पुढे येतात, हप्ता भरतात, आपल्या ठेवी मोडतात. आणि ज्या समाजात घर हे आयुष्यभराच्या कमाईचे एकमेव दृश्य फळ असते, तेथे त्यांनी तसे करावे यात नवल नाही. नवल आहे ते निराळ्याच गोष्टीचे. पूर्वी धर्मशास्त्राने जे नाते ठरवून दिले होते ते आता कायद्याने मोकळे सोडले असल्यामुळे, आपण वडिलांना पैसे देतो ते दाता म्हणून, धनको म्हणून, सहकर्जदार म्हणून, जामीन म्हणून की खरेदीदार म्हणून, याचा निर्णय प्रत्येक मुलाने स्वतः करावयाचा असतो. आणि नेमका तो निर्णय केल्यावाचूनच बहुतेक कुटुंबे दहा-दहा वर्षे पैसे भरीत राहतात. कायदा या पाच भूमिकांना पाच निरनिराळी फळे देतो. भूमिकाच ठरली नसेल, तर भांडण उभे राहते तेव्हा त्यांपैकी सर्वांत कमी हक्काची भूमिका पदरी पडते.

मुळात निवृत्त माणसाच्या डोक्यावर गृहकर्ज उरतेच कसे, हा प्रश्न मागील पिढीतल्या माणसाने अवश्य विचारला असता, कारण त्या पिढीत भविष्यनिर्वाह निधी हाती आल्यावर घर बांधावे अशी रीत होती. आता घर आधी येते आणि निधी नंतर; आणि चाळिशी उलटल्यावर वीस वर्षांच्या मुदतीने घेतलेले कर्ज निवृत्तीच्या वयाला जाऊन भिडते. त्यात बदलत्या व्याजदराची भर पडली. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवघ्या काही महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला, तेव्हा बँकांनी हप्त्याची रक्कम तशीच ठेवून मुदत लांबविली; कर्जदाराला खिशात काही जाणवले नाही, परंतु साठीला संपावयाचे कर्ज निमूटपणे सत्तरीकडे सरकले. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश काढून हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी, की स्थिर दर घ्यावा हे कर्जदाराला विचारणे बँकांना बंधनकारक केले, पण तोवर पुष्कळांची मुदत वाढून गेली होती. आणि उत्पन्नाची बाजू पाहावी, तर खासगी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाचे १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे मासिक वेतन, त्या योजनेतील पगाराची कमाल मर्यादा १५,००० रुपये असल्यामुळे, तीस वर्षांच्या चाकरीनंतरही सामान्यतः सात हजारांच्या वर जात नाही. सरकारी सेवेतून जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन घेऊन बाहेर पडलेला शिक्षक किंवा अव्वल कारकून या चिंतेतून बराचसा सुटलेला असतो. कारखान्यातला फोरमन किंवा खासगी कंपनीतला हिशेबनीस सुटलेला नसतो.

आणखी एक कारण आहे, व त्याचा उच्चार घरात सहसा कोणी करीत नाही. पुष्कळ ठिकाणी घर मुळात गहाण पडलेले असते ते मुलाच्याच शिक्षणासाठी, मुलीच्याच लग्नासाठी अथवा धाकट्याच्या धंद्याच्या भांडवलासाठी. भारतीय करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते, म्हणजे बँकेने आधी धंदेवाल्या मुलाच्या मागे लागावे आणि मग वडिलांच्या घराकडे वळावे असा क्रम कायद्याने घातलेला नाही. ती थेट घराकडे जाऊ शकते, आणि स्थावर तारण हाती असताना सहसा तेथेच जाते. अशा घरात जेव्हा मुले 'बाबांना मदत करतो' असे म्हणतात, तेव्हा ती मदत नसून परतफेड आहे, एवढे निदान त्यांनी आपल्या मनाशी कबूल करावे असे मला वाटते. कारण त्या कबुलीनंतर, घर नंतर कोणाच्या नावावर व्हावे, या विषयावरील त्यांचा आवाज आपोआप खालच्या पट्टीत येतो.

गहाणाच्या व्यवहारात कोणाचे काय राहते आणि काय जाते, याची थोडी फोड करणे येथे अपरिहार्य आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने गहाणाचे सहा प्रकार सांगितले आहेत. आपल्या आजोबांच्या दप्तरात सापडणारे ताबेगहाण, ज्यात सावकार जमीन कसून उत्पन्न खात असे, आणि ज्याला लोक मुदतखरेदी म्हणत ते शर्तीच्या विक्रीचे गहाण, हे त्यांतलेच दोन. आजच्या बँका मात्र बहुधा सर्वांत सोपा मार्ग पत्करतात : मूळ खरेदीखत, सोसायटीचे भागपत्र आणि साखळीतील जुने दस्त तारण म्हणून बँकेच्या तिजोरीत ठेवून घेतात, आणि महाराष्ट्रात त्याची सूचना, जिला व्यवहारात 'नोटीस ऑफ इंटिमेशन' असेच म्हणतात, ती ३० दिवसांच्या आत दुय्यम निबंधकाकडे दाखल होते. मालकी ऋणकोकडेच राहते. आणि पैसे फेडून घर सोडवून घेण्याचा त्याचा हक्क इतका मूलभूत मानला गेला आहे की, तो आगाऊ सोडून देण्याची शर्त गहाणखतात घातली तरी न्यायालय ती जुमानत नाही. दख्खनच्या शेतकऱ्यांनी १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथून सुरुवात करून सावकारांचे रोखे आणि खती जाळल्या, आणि त्यातून १८७९ चा शेतकऱ्यांच्या कर्जमुक्तीचा कायदा जन्माला आला, त्या इतिहासाच्या मुळाशी सोडवणुकीच्या या हक्काची पायमल्लीही होती.

आजच्या काळात या हक्काला लागलेली कालमर्यादा फार आखूड आहे, आणि मदत करू इच्छिणाऱ्या मुलाने सर्वांत आधी समजून घ्यावयाची गोष्ट ती हीच. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला दिवाणी न्यायालयाची पायरी न चढता तारणाचा ताबा घेण्याचा अधिकार दिला. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादित, म्हणजे बँकेच्या बोलीत एनपीए, ठरते. त्यानंतर ६० दिवसांची मागणी नोटीस येते. तिच्यावर ऋणकोने हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. मुदत संपली की कागदोपत्री ताबा घेतला जातो, दारावर नोटीस डकवली जाते आणि दोन वृत्तपत्रांत, ज्यांतले एक स्थानिक भाषेतले असावे लागते, ताबा-सूचना छापून येते; मराठी दैनिकांच्या आतल्या पानांवर चौकटींनी भरलेले जे रकाने आपण न वाचता उलटतो ते हेच. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हा दंडाधिकाऱ्याचे साहाय्य घेते. या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. सहकारी बँकेतले कर्ज या कायद्याच्या कक्षेबाहेर असावे अशी पुष्कळांची समजूत होती. परंतु कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये ती समजूत मोडीत काढली. पतसंस्थेची तऱ्हा निराळी : ती सहकार कायद्याच्या १०१ व्या कलमाखाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळविते आणि वसुली अधिकाऱ्यामार्फत जप्ती व लिलावापर्यंत जाते. गावाकडे ज्याला 'एकशे एकचा दाखला' म्हणतात, तो हाच.

या साऱ्या क्रमात दोन ठिकाणे अशी आहेत की जेथे कुटुंबे हटकून फसतात. पहिले ठिकाण ९० दिवसांचे. तोवर बँकेच्या शाखेत जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी करून मागता येतो आणि ती मागणी मान्य होण्याचा संभव बराच असतो. एकदा खाते अनुत्पादित ठरले म्हणजे, रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे, एखाद-दुसरा हप्ता भरून ते पूर्वपदावर येत नाही, मुद्दल आणि व्याज यांची संपूर्ण थकबाकी चुकती करावी लागते. ज्या मुलाला फेब्रुवारीत ४५,००० रुपयांनी भागविता आले असते, त्याला जूनमध्ये थकबाकीबरोबर नोटिशीचा खर्च, वकिलाची फी आणि दंडात्मक आकार यांचीही तजवीज करावी लागते. दुसरे ठिकाण विक्रीच्या नोटिशीचे. पूर्वी लिलाव पुरा होईपर्यंत पैसे भरून घर सोडविता येत असे. २०१६ च्या दुरुस्तीने ही सवड विक्रीची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्याच्या आधीपर्यंतच ठेवली, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये तिचा अर्थ तसाच कडक लावला. लिलावाच्या सकाळी पैशांची बॅग घेऊन धावत येणारा मुलगा हे चित्रपटातले दृश्य आता कायद्याने कालबाह्य केले आहे.

आणि तरीही मुलांना हे उशिरा कळते, कारण वडील सांगत नाहीत. ज्याने आयुष्यभर वाण्याची उधारीसुद्धा महिनाअखेर चुकती केली, त्याला बँकेचे पत्र मुलाच्या हाती देणे हे आपल्या कर्तेपणाचा राजीनामा देण्यासारखे वाटते. मग पत्र गाद्यांखाली जाते आणि हप्त्यासाठी मुदत ठेव मोडली जाते, ती संपल्यावर आईच्या पाटल्या सोनेतारणात जातात. म्हणून वडिलांच्या निवृत्तीच्या वर्षीच कर्जाचा खातेउतारा सर्वांनी मिळून एकदा पाहावा, त्यात उरलेले मुद्दल, चालू व्याजदर आणि उरलेली मुदत या तीन आकड्यांची नोंद घ्यावी. हे तीन आकडे ठाऊक नसताना केलेली मदत अंधारातली असते.

त्या आकड्यांचे महत्त्व एका उदाहरणाने ध्यानात येईल. समजा, वडील निवृत्त झाले तेव्हा १२ लाख रुपये मुद्दल बाकी आहे, दर ९ टक्के आहे आणि हप्ता १५,००० रुपयांचा आहे. पहिल्या महिन्यात या पंधरा हजारांपैकी ९,००० रुपये केवळ व्याजात जातात आणि कर्ज फिटावयास सव्वादहा वर्षे लागतात. आता मुलांनी मिळून ३ लाख रुपये एकदम भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर मुदत सुमारे ८० महिन्यांवर येते. म्हणजे आज भरलेल्या ३ लाखांच्या बदल्यात पुढचे सहा लाखांहून अधिक रुपयांचे हप्ते टळतात. याच ३ लाखांच्या भरण्यानंतर मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून मागितला, तर तो ११,२५० रुपयांवर उतरतो. हिशेबनीस पहिला पर्याय सुचवील, आणि नोकरीत असलेल्या माणसाला तो योग्यही आहे. परंतु ज्याचे उत्पन्न एकदाचे ठरून गेले आहे त्या निवृत्त माणसाला, माझ्या मते, दुसराच पर्याय हितकर, कारण त्याची खरी अडचण एकूण व्याजाची नसून दर महिन्याच्या पाच तारखेची आहे. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा आकार घेण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच बँकांना मनाई केली आहे, तेव्हा थोडेथोडे मुद्दल भरीत राहण्यास प्रत्यवाय नाही.

आता त्या पाच भूमिकांकडे वळू. सर्वांत सरळ भूमिका दात्याची. मुलाने वा मुलीने आईवडिलांना दिलेल्या रकमेवर, मग ती पुण्यातून दिलेली असो की न्यू जर्सीहून पाठविलेली असो, आईवडिलांना आयकर लागत नाही, कारण हे नाते करमुक्त देणगीच्या यादीत आहे. दात्याला मात्र घरात कसलाही हिस्सा मिळत नाही आणि त्याने तो मागूही नये. देणे म्हटले की देणे. ज्याला हे निभावेल त्याने दरमहा वडिलांच्या खात्यात ठराविक रक्कम टाकावी, हप्ता वडिलांच्याच खात्यातून जाऊ द्यावा, आणि विषय संपवावा. कर्ता माणूस कर्ताच राहतो, हा या रीतीचा न दिसणारा लाभ आहे.

ज्याला पुढे पैसे परत हवे आहेत, किंवा इतर भावंडांच्या तुलनेत आपला भरणा जमेस धरला जावा असे वाटते, त्याने धनकोची भूमिका घ्यावी, आणि येथे कायदा अतिशय नेमका आहे. मुलाने पैसे देऊन बँकेचे गहाण फेडले, एवढ्याने तो बँकेच्या जागी येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ९२ वे कलम, जे १९२९ साली घालण्यात आले, असे सांगते की, ज्याने गहाण सोडविण्यासाठी ऋणकोला पैसे पुरविले त्याला मूळ धनकोचे हक्क मिळावयाचे असतील, तर ऋणकोने तसे नोंदणीकृत दस्ताने मान्य केलेले असले पाहिजे. बापलेकांत कसला दस्त, असे म्हणून जो हसतो, तो वडिलांच्या पश्चात भावाच्या वकिलाकडून हेच कलम ऐकतो. रोख रकमेचा मार्ग तर पुरता बंद समजावा, कारण २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम कर्ज म्हणून रोखीने घेणे आयकर कायद्याला मंजूर नाही.

सहकर्जदार होणे सर्वांत प्रचलित आहे, कारण बँकच ते सुचविते : मुलाचे तरुण वय आणि चालू पगार धरून मुदत वाढते आणि हप्ता उतरतो. सही करणाऱ्याने एवढे जाणून असावे की, सहकर्जदार म्हणजे सहमालक नव्हे. कर्ज पूर्णतः त्याच्या माथी येते, थकलेला प्रत्येक हप्ता त्याच्या स्वतःच्या पतनोंदीत उमटतो, त्याला उद्या स्वतःचे घर घ्यावयाचे झाल्यास त्याची कर्जपात्रता तेवढी घटते. घर मात्र ज्यांच्या नावे खरेदीखत आहे त्यांचेच राहते. जुन्या करपद्धतीत मिळणारी व्याजाची वजावटसुद्धा मालकीत नाव असलेल्या सहकर्जदारालाच मिळते. जामिनाची स्थिती याहूनही दुबळी, आणि तिच्याबद्दल वर सांगितले तेवढे पुरे.

येथे भावंडांचा प्रश्न येतो, आणि खरे दुखणे तेथेच आहे. हिंदू वारसा कायदा लागू असलेल्या कुटुंबात वडील मृत्युपत्र न करता वारले, तर त्यांच्या स्वकष्टार्जित घरात पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास वडिलांची आई यांना समान हिस्से मिळतात. दहा वर्षे हप्ता भरणाऱ्या थोरल्या मुलीला आणि दिवाळीला पेढ्यांचा पुडा घेऊन येणाऱ्या धाकट्या मुलाला हा कायदा एकाच मापाने मोजतो. सोसायटीत नामनिर्देशन मुलीच्या नावे आहे, म्हणून घर तिचे झाले, हीही एक रुजलेली गैरसमजूत. नामनिर्देशित व्यक्ती वारसांच्या वतीने मालमत्ता सांभाळणारी असते, तिची मालक नव्हे. तेव्हा कोणाच्या पैशाने घर वाचले याची दखल घ्यावयाची असेल तर ती वडिलांनी आपल्या हयातीत, मृत्युपत्रात, स्पष्ट शब्दांत घ्यावी. साध्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्यांनी केलेले मृत्युपत्रही कायद्याने चालते. त्याला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. ज्या भावंडाला पैशाने भार उचलता येत नाही त्याने आईच्या औषधपाण्याचा किंवा वडिलांना दवाखान्यात नेण्याचा भार उचलला असेल, तर तोही त्याच कागदावर यावा. हप्त्याचा खातेउतारा निघतो, रात्रीच्या जागरणाचा निघत नाही, आणि म्हणून वाटणीच्या वेळी पहिला नेहमी जिंकतो.

पुष्कळ मुले याहून पुढे जाऊन म्हणतात, घर आमच्या नावावर करा, मग आम्ही कर्ज फेडतो. महाराष्ट्रात राहते घर मुलाला, मुलीला किंवा नातवंडाला बक्षीसपत्राने देताना मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे आणि त्यामुळे हा मोह वाढला आहे. परंतु ही सवलत खालच्या पिढीकडे जाताना आहे. मुलाने तेच घर पुन्हा आईवडिलांना द्यावयाचे ठरविले तर ती मिळत नाही. राजस्व खात्याला अशा उलट्या प्रवाहाची कल्पनाच सुचली नसावी. शिवाय गहाण घराचे बक्षीसपत्र बँकेच्या संमतीवाचून करणे हा कर्जाच्या करारनाम्याचा भंग ठरतो. आणि आईवडिलांच्या बाजूने पाहता बक्षीसपत्र हे सही झाल्यावर सहजी मागे घेता न येणारे पाऊल आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याचे २३ वे कलम त्यांना काही आधार देते : सांभाळण्याच्या अटीवर घर दिले आणि मुलाने सांभाळले नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. पण डिसेंबर २०२२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशी अट होती हे सिद्ध करण्यावर भर दिला, तर जानेवारी २०२५ मध्ये, मध्य प्रदेशातील एका आईच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने हे कलम उदारपणे वाचून बक्षीसपत्र रद्द केले. न्यायालयाच्या उदारतेवर विसंबण्यापेक्षा सांभाळाची अट आणि दोघांचा तहहयात राहण्याचा हक्क दस्तातच लिहून घेणे शहाणपणाचे. मुलाने रीतसर खरेदीदार होऊन स्वतःच्या कर्जाने वडिलांचे घर विकत घेणे हाही मार्ग आहे. तेथे शहरांत साधारण ६ ते ७ टक्के मुद्रांक शुल्क पडते, वडिलांवर भांडवली नफ्याचा कर बसू शकतो, आणि एवढा खर्च सोसण्याजोगे कारण सहसा नसते.

ज्या घरात मुलांनाच परवडत नाही, किंवा आईवडिलांना मुलांकडे हात पसरणे नको वाटते, तेथे एका मार्गाचा विचार कोणी करीत नाही, तो म्हणजे उलट्या गहाणाचा. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने ही योजना २००७ साली आखली. साठी ओलांडलेल्या मालकाने राहते घर तारण ठेवावयाचे आणि बँकेने त्याला दरमहा किंवा ठराविक काळाने पैसे द्यावयाचे. मालक व त्याची पत्नी हयात असेतो घरातून कोणी काढू शकत नाही, दोघांच्या पश्चात वारसांनी एकूण रक्कम भरून घर ठेवून घ्यावे किंवा बँकेने ते विकून उरलेले पैसे वारसांना द्यावेत. या पैशांतून त्याच घरावरील जुने गृहकर्ज फेडण्यासही योजनेत मुभा आहे, आणि मिळणारी रक्कम आयकरातून मुक्त आहे. तरीही आपल्याकडे ती रुजली नाही. बँकांनी तिचा फारसा पुरस्कार केला नाही हे एक कारण, पण घर वारसांना कोरे मिळाले पाहिजे ही आईवडिलांचीच आंतरिक ओढ हे अधिक बलवत्तर कारण होय. ज्या मुलांना खरोखरीच आईवडिलांचे सुख हवे आहे, त्यांनी 'आम्हांला हे घर नको, तुम्ही ते खर्चून टाका' असे एकदा स्पष्ट सांगितले, तर ती मदत कोणत्याही हप्त्याहून मोठी ठरेल; परंतु हे वाक्य मुंबई-पुण्याच्या जागांच्या आजच्या भावात उच्चारणे सोपे नाही.

कर्ज फिटल्यानंतरचे काम शेवटी राहते आणि थकलेल्या कुटुंबांकडून ते अर्धवट सोडले जाते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या आदेशाप्रमाणे, १ डिसेंबर २०२३ पासून, संपूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांच्या आत सर्व मूळ दस्तऐवज परत करणे आणि नोंदवहीतील बोजा काढणे बँकेवर बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने विलंब झाला तर प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते, आणि कर्जदार मध्यंतरी वारला असेल तर दस्त वारसांना कसे परत करावयाचे याची पद्धतही बँकेने आखून ठेवलेली असावी लागते. दस्त घेताना यादीशी पान न् पान ताडून पाहावे, बँकेकडून बाकी नसल्याचा दाखला घ्यावा, सोसायटीच्या दप्तरी असलेली बँकेच्या बोज्याची नोंद आणि गावी असल्यास सातबाऱ्याच्या इतर हक्कांतील शेरा कमी करून घ्यावा, आणि ते सारे कागद ज्यांच्या नावे घर आहे त्या आईवडिलांच्याच कपाटात ठेवावेत. हप्ते भरणाऱ्या मुलाच्या कपाटात नव्हे.